पोकळी कोरडी नव्हती

प्रज्ञा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझा साहेब आला होता. हो, तोच. पांढरा शर्ट, हातात भलामोठा हार, आणि गाडीतून उतरता उतरता चेहऱ्यावर चढवलेलं दुःख. त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या बाबांच्या शाळेतले जुने सहकारी दोन शब्द बोलले, आणि मग कुणीतरी माइक त्याच्याकडे दिला. तो घसा साफ करून म्हणाला, "प्रज्ञाच्या जाण्यानं आमच्या कंपनीत एक पोकळी निर्माण झाली आहे."

पोकळी. तुझ्या फोटोसमोर उभं राहून हा शब्द त्यानं उच्चारला. मराठीत मेलेल्या माणसाबद्दल बोलायला दुसरे शब्द नव्हते असं नाही. मी तुझ्या बार्शीटाकळीच्या आत्याशेजारी सतरंजीवर बसले होते. आत्यानं माझा हात धरला. तिला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते गं. मी त्या दिवशी रडलेच नाही, आणि आज हे लिहितानाही माझ्या डोळ्यांत पाणी नाही. मला राग आला आहे. त्याचा आहे, तुझ्या कंपनीचा आहे, आणि सांगायला हवं म्हणून सांगते, त्यातला मोठा वाटा तुझा आहे.

तू ताप अंगावर काढलास. पाऊस उघडला की अकोल्यात घराघरांत ताप येतो हे तुला शेंबड्या वयापासून माहीत. तरी तू फोनवर मला म्हणालीस, "साधा ताप हाय वं, गोळी घेतली." साधा कशावरून? रक्त तपासलं होतंस? कुणी मोजमाप न करता काही गृहीत धरलं की आख्ख्या मीटिंगमध्ये त्याला घाम फोडणारी तू, स्वतःच्या अंगाबद्दल सरळ गृहीत धरून मोकळी झालीस. बाबांनी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट पार खाली गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मी अमरावतीहून निघाले, मूर्तिजापूरला बसमध्ये असतानाच बाबांचा फोन आला. त्यांनी फक्त माझं नाव घेतलं. मला कळलं. मी तशीच बसून राहिले आणि बस आपली चालत राहिली.

माझी तुझी पहिली ओळखही भांडणातूनच झाली होती. अमरावतीच्या कॉलेजात उष्णतावहनाचा तास, सरांनी फळ्यावर नळीचं गणित घातलेलं, आणि तू मागच्या बाकावरून उठून विचारलंस की नळीभोवतीची माती कायम सारखीच थंड राहील हे कशावरून. सर म्हणाले, सोपं करायला धरून चाललो आहोत. तू म्हणालीस, "सर, मग ते गणित मातीचं नाई राहिलं." वर्ग हसला. मीही हसले. तास संपल्यावर तू मला गाठलंस आणि म्हणालीस, "तू काऊन हासली वं?" मी म्हटलं, कारण तू बरोबर होतीस आणि सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्या दिवशी आपण कॅन्टीनमध्ये बसून वाद घातला. तू म्हणायचीस, तापणारी वस्तू आज एक असते, उद्या दुसरी. मी म्हणायचे, सगळंच दर क्षणाला बदलतं असं धरलं तर उत्तर कधी काढायचं? तो वाद आपण नोकऱ्या लागल्या, माझं लग्न झालं, तुझी आई गेली तरी सोडला नाही.

पुढं मी अमरावतीतच शिकवायला लागले आणि तू तेलाच्या कंपनीत गेलीस. घरून काम करायची सोय झाली तशी तू अकोल्याला बाबांजवळ येऊन राहिलीस. विहिरी तिकडं लांब राजस्थानच्या वाळवंटात, आणि त्यांचं गणित इकडं, गोरक्षणाच्या बाजूच्या तुझ्या घरातल्या मागच्या खोलीत. कूलर घरघर करतोय, खिडकीला ओलं पोतं, बाहेर मे महिन्याचं अकोला, आणि तू जमिनीच्या पोटात वाफ कशी थंड होते ते काढते आहेस. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे की पोरगी विहिरीचं काम करते. शेजारचे गावंडे काका एकदा खरंच विचारायला आले होते, आमच्या बोअरला पाणी लागेल का ते पाहून दे म्हणून. तू त्यांना चहा पाजून, तुझ्या विहिरींत पाणी लागलं तर ती वाईट बातमी असते, असं समजावलं होतंस.

ते काम बाबांना तू कसं समजावलंस ते मला अजून आठवतं. जमिनीखालचं तेल काकवीसारखं घट्ट, वर येत नाही. म्हणून वरून नळीनं वाफ सोडायची, तेल पातळ करायचं, मग उपसायचं. वाफेची नळी मधे, तिच्याभोवती मोकळी जागा, म्हणजे पोकळी. पोकळीबाहेर दुसरी पोलादी नळी, तिच्याभोवती सिमेंट, आणि मग खडक. पोकळी कोरडी असली तर थर्मासचं काम करते. वाफ खालपर्यंत वाफ राहते. पण पोकळीत पाणी शिरलं की खेळ संपला. ते पाणी आतल्या गरम नळीला लागून उकळतं, त्याची वाफ बाहेरच्या नळीवर जाऊन थंड होते, पाणी होऊन खाली ओघळते, परत उकळते. दिवसरात्र. सगळी उष्णता बाहेरच्या नळीत. तेलापर्यंत पोचतं नुसतं गरम पाणी, आणि बाहेरची नळी तापून लांब व्हायला बघते. सिमेंट तिला होऊ देत नाही. वाफ बंद केली की ती आखडते, सुरू केली की परत ताणली जाते. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "मंग एक दिवस तुटन."

"हो बाबा," तू म्हणालीस. "तेच तर."

त्या एका विहिरीचं मॉडेल आपण दोघींनी मिळून बसवलं. समीकरणं सोडवायचा भाग माझा, माझ्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. तुझ्या कंपनीनंच मला सल्लागार म्हणून घेतलं होतं, म्हणून यातलं काही चोरीचं नाही. शनिवारी मी अकोल्याला यायचे आणि आपण आकडे जुळवत बसायचो. पोकळी कोरडी धरली की गणित आणि विहीर जुळायची नाहीत. बाहेरची नळी वरच्या तोंडाशी जेवढी तापायला हवी त्याहून कितीतरी जास्त तापत होती. विहिरीच्या तोंडावरचं पोलादी डोकं जागचं वर सरकत होतं. मी म्हटलं, खडकाचे आकडे चुकले असतील. तू खडकाचे आकडे बदलून दाखवलेस, नाही जुळलं. मी म्हटलं, तापमापक बिघडला असेल. तू विहिरीवरच्या भंवरसिंहला फोन लावलास. तो तिथला ऑपरेटर, पाळीवर असायचा, तुझे फोन त्याला रोजचे झाले होते. त्यानं तापमापक बदलून पाहिला. आकडा तोच. मग तू पोकळी ओली धरलीस आणि सगळं जाग्यावर बसलं. तू टाळी वगैरे वाजवली नाहीस. खुर्ची मागं सरकवून म्हणालीस, "पाणी शिरलं हाय, सुषमा. वाफ बंद करा लागते."

मीटिंगला मीही स्क्रीनवर होते, म्हणून मला कुणी खोटं पाडू शकत नाही. तू सगळं मांडलंस. साहेबानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला की वाफेचं वेळापत्रक वरून ठरलं आहे, विहीर आता थांबवता येणार नाही, आणि अहवालात पोकळी कोरडी धरावी, उद्योगात सगळे तसंच धरतात. तू म्हणालीस की धरायला हरकत नाही, पण ती कोरडी नाही. तो हसला. त्याच्यासोबत आणखी दोघंतिघं हसले. तू म्हणालीस, "सर, कोरडी लिहायची असेल तर माझं नाव काढा." आणि त्यानं काढलं गं. तुझ्याकडून ती विहीर काढून दुसऱ्याकडं दिली, आणि दुसऱ्यानं दुपारच्या जेवणाआधी कोरडी पोकळी लिहून दिली. त्यात आपल्या मॉडेलचं नाव मात्र तसंच राहू दिलं.

वाफ सुरू राहिली. आणि एका सकाळी बाहेरची नळी तुटली, सिमेंट फुटलं, वाफ आणि उकळतं पाणी विहिरीच्या तोंडाशी जमिनीतून उसळून वर आलं. भंवरसिंह झडप बंद करायला धावला होता. दोन्ही हात, मान, पाठ. वाचला, पण कसा वाचला ते तुला माहीत आहे, मला फक्त ऐकून माहीत आहे.

कंपनीनं सांगितलं, मॉडेल चुकलं. तुझं नाव घ्यायचीही गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं मॉडेल कुणाचं. तुला पुढच्या महिन्यापासून काम करायची गरज नाही म्हणून कळवलं. आणि तू गप्प बसलीस.

इथून माझा खरा राग सुरू होतो. सरकारी चौकशी लागली होती. तुझ्याजवळ सगळं होतं, माझ्याजवळ सगळं होतं. मी अकोल्याला आले, तुझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि म्हटलं, चल, निवेदन देऊ. तू भाकरी थापत होतीस. वर न पाहता सांगितलंस की साहेबाचा फोन आला होता. भंवरसिंहचा इलाज कंपनी करते आहे, आणखी शस्त्रक्रिया बाकी आहेत, प्रकरण चिघळलं तर सगळंच अडकेल, त्याचाही इलाज अडकेल, असं तो म्हणाला होता. आवाज न चढवता, अगदी काळजीनं म्हणाला होता म्हणे.

माझा आवाज मात्र चढला. मी म्हटलं, "तो तुले धमकावून राहिला आन् तू आयकून राहिली? त्यानं कोणाले जाळलं ते त्याले माहीत हाय, म्हणून तो काळजी करते."

तू तवा उतरवलास. म्हणालीस, "त्याच्या हाताले अजून कातडी नाई आली, सुषमा. माह्या इज्जतीले थांबता येते."

मी न जेवता निघाले आणि बसमध्ये बसून तुला मनातल्या मनात वाटेल ते बोलले. आजही बोलते. तुझं म्हणणं चूक नव्हतं. पण तू एका माणसाच्या कातडीची किंमत एकटीनं मोजायला निघालीस, आणि ज्यांनी मोजायची ते ऑफिसात बसून होते. त्यांना हेच हवं होतं. तुझ्यासारखं माणूस समोर असलं की त्यांना फार काही करावं लागत नाही. दुसऱ्याचं दुखणं पुढं केलं की तुझं तोंड आपोआप बंद होतं, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. तुझ्या चांगुलपणाचा त्यानं झडपेसारखा वापर केला आणि तू करू दिलास.

त्या भांडणानंतर आपण बोलत होतो, पण त्या विषयावर नाही. तू घरी शिकवण्या घ्यायला लागलीस. दिवसाआड भंवरसिंहला फोन करायचीस. मग एक दिवस तूच मला फोन केलास. म्हणालीस, भंवरसिंह दवाखान्यातून घरी गेला, आता काही अडकत नाही, आता बोलू. किती दिवसांनी तुझा तो आवाज ऐकला मी. मागच्या बाकावरून उठणारा. आपण ठरवलं की मी येत्या शनिवारी यायचं आणि निवेदन लिहायचं. फोन ठेवताना तू म्हणालीस की जरा अंग तापलं आहे.

शनिवारी मी आले ते तुला पोचवायला.

म्हणून त्या दिवशी साहेब पोकळी म्हणाला तेव्हा मी उठले. आत्यानं पदर ओढला, पण उठले. माइक मागितला नाही, माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. मी सांगितलं की पोकळी कंपनीत नव्हती, विहिरीत होती, आणि ती ओली होती. मग सगळं सांगितलं, बाबांना तू सांगितलंस तसं, काकवी आणि थर्मास घेऊन, म्हणजे गावंडे काकांनाही कळावं. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते सांगितलं. कोण हसलं ते सांगितलं. भंवरसिंहच्या हातांचं सांगितलं आणि तुला आलेल्या फोनचंही. बायकांनी लेकरांना गप्प केलं.

साहेब म्हणाला, "मॅडम, ही वेळ नाही."

तेव्हा बाबा उठले. मला वाटलं ते मला बसायला सांगतील, आणि त्यांनी सांगितलं असतं तर मी बसले असते. ते त्याच्याकडं वळून म्हणाले, "सायेब, वेळ आमची हाय. तुमी बसा. आयकून जा."

तो बसला. माझं बोलून होईपर्यंत बसून होता, मान खाली घालून नाही, समोर बघत. मग उठला आणि जेवायला न थांबता गेला. त्याचा हार तुझ्या फोटोवर होता. बाबांनी तो काढला, घडी करावी तसा गोळा केला आणि बाहेर नेऊन ठेवला.

दुपारी माणसं पांगली आणि तुझा फोन वाजला. बाबा तो रोज चार्ज करून ठेवतात, का ते मी विचारलेलं नाही. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन माझ्याकडं दिला. भंवरसिंह होता. तुझा बरेच दिवस फोन नाही म्हणून त्यानं केला होता. मी त्याला सांगितलं की तू गेलीस. त्यानं कधी, कसं ते विचारलं. मग म्हणाला, एक गोष्ट मॅडमना सांगायची राहून गेली, ती तुम्हाला सांगतो.

"साहब लोग बोले थे, मैडम के कंप्यूटर से गलती हो गयी. गलती तो इंसान से होती है. मैडम बेचारी रोज़ फ़ोन करती थीं. मेरे मन में उनके लिए कोई शिकायत नहीं थी. मैंने माफ़ कर दिया था."

ऐकलंस, प्रज्ञा? त्यानं तुला माफ केलं होतं. तुझे ते सगळे फोन, दुखतं का, जेवलात का, ड्रेसिंग बदललं का, ते सगळे त्याला अपराधी बाईचे फोन वाटत होते. तू त्याच्याशी इतकं बोललीस आणि ही एक गोष्ट त्याला सांगितली नाहीस. त्याला त्रास नको म्हणून असेल. का म्हणून पण? भाजला तो होता. कुणामुळं भाजला हे कळायचा पहिला हक्क त्याचा होता. तिथं तू चुकलीस. हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं असतं आणि तू भांडली असतीस, आणि कदाचित अर्ध्या तासानं खुर्ची मागं सरकवून ऐकलंही असतंस. आता तेही नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. तुला विचारायला तू नव्हतीस. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, पाणी कुठं शिरलं, कुणी वाफ बंद करा म्हटलं, कुणी करू दिली नाही. त्यानं मधे एकदाच विचारलं, "मैडम ने मना किया था? सबके सामने?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला की चौकशीवाले त्याच्याकडंही आले होते, आणि त्यानं मॅडमची चूक झाली असं सांगितलं होतं. आता परत जाऊन सांगेन म्हणाला. मी निवेदन दिलं आहे, बाबांनी सोबत सही केली आहे, सुनावणीला आम्ही दोघं जाणार आहोत. तोही येणार आहे. पुढं काय होईल मला माहीत नाही. साहेब अजून खुर्चीवर आहे आणि त्याची वाफ अजून दुसऱ्या विहिरींत चालू आहे.

त्या दुपारी फोन ठेवायच्या आधी भंवरसिंहनं एक मागितलं. इतके महिने बोलून त्यानं तुला कधी पाहिलेलंच नव्हतं. तुझा एक फोटो पाठवा म्हणाला. बाबांनी तुझा पदवीदान समारंभाचा हसरा फोटो काढून दिला. मी तो बाजूला ठेवला आणि माझ्या फोनमधला पाठवला, मागच्या खोलीतला, कूलरसमोर बसून तू माझ्यावर खेकसते आहेस, फोटो काढू नको म्हणून, कपाळाला आठ्या, बोट माझ्याकडं रोखलेलं.

त्याच्या मनात इतके दिवस एक बिचारी बाई होती. त्यानं तुला रागावलेलं पाहावं.

तुझी,
सुषमा